परका अवयव आणि शरीराचे पहारेकरी

एका माणसाचें मूत्रपिंड काढून दुसऱ्याच्या शरीरांत बसविणें ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत अशा शस्त्रक्रिया होतच असतात व त्यांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों. बहुतेकांची समजूत अशी, कीं यांतील खरें कौशल्य शस्त्रवैद्याच्या बोटांत आहे. एकदां शिरा आणि धमन्या नीट जोडल्या, कीं काम संपलें. वस्तुतः रक्तवाहिन्या जोडण्याचें कोडें पुष्कळ पूर्वींच सुटलें होतें. आलेक्सी कारेल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें १९०२ सालीं रक्तवाहिन्या एकमेकींस शिवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९१२ चें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. त्या रीतीनें जनावरांचीं मूत्रपिंडें काढून पुन्हां बसवितां येऊं लागलीं. ज्याचें त्यालाच परत बसविलेलें मूत्रपिंड टिके. एका कुत्र्याचें दुसऱ्या कुत्र्याला बसविलेलें कांहीं दिवस उत्तम चाले आणि मग सुजून निकामी होई. टांके तपासावे तर ते शाबूत. १९३३ सालीं युक्रेनमधील खेर्सोन येथें व्होरोनोय या वैद्यानें एका मृताचें मूत्रपिंड रुग्णाला बसविलें; दोन दिवसांत रुग्ण दगावला. पुढें वीस वर्षें असेंच चाललें. शिवण उत्तम असतां शिवलेलें अंग मरतें, तर त्याला मारतो कोण, हा प्रश्न मी आज श्रोत्यांपुढें मांडणार आहें. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपलीकडे माझें शिक्षण नाहीं. परंतु चाळीस वर्षें मुलांना आरोग्यशास्त्राचे धडे देतां देतां या एका विषयानें मला जें वेड लावलें, तें निवृत्तीनंतरहि सुटलेलें नाहीं.

अंगाचीच कातडी अंगाला लागते, हा अनुभव आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेंत कापलेलें नाक गालाच्या कातडीनें नवें करण्याची कृति दिलेली आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत कावसजी नांवाच्या एका मराठा गाडीवानाची हकीकत चित्रासह छापलेली आहे. इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा हा मनुष्य १७९२ च्या लढाईंत टिपूच्या हातीं सांपडला, आणि तेथें त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून त्याला नवें नाक करून दिलें. त्या कारागिराचें नांव कोणी लिहून ठेवलें नाहीं, याची मला नेहमीं हळहळ वाटते. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें, कीं त्यानें कातडी घेतली ती कावसजीचीच. इटलींतील बोलोन्याचा शस्त्रवैद्य ताल्याकोत्सी यानेंहि १५९७ च्या आपल्या ग्रंथांत स्वतःच्या दंडाची कातडीच नाकाला पसंत केली. प्रत्येक व्यक्तीच्या ठायीं तिचें स्वतःचें असें कांहीं असतें, आणि तें परक्या कातडीच्या आड येईल, असें त्याचें मत होतें.

ताल्याकोत्सीच्या त्या ‘कांहीं’चा माग लागण्यास मात्र दुसरें महायुद्ध यावें लागलें. विमानें पेटत, वैमानिक भाजत. आणि ज्याची बहुतेक कातडी जळाली, त्याच्याजवळ लावायला स्वतःची कातडी उरणार किती? दुसऱ्याची लावतां आली तर कितीतरी जीव वांचतील, म्हणून ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या वतीनें पीटर मेडावर हा ऑक्सफर्डचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोच्या रुग्णालयांत गेला. तेथें टॉमस गिब्सन या शस्त्रवैद्याबरोबर त्यानें एका भाजलेल्या स्त्रीच्या जखमेवर कातडीच्या बारीक बारीक चकत्या लावल्या; कांहीं तिच्या स्वतःच्या, कांहीं तिच्या सख्ख्या भावाच्या. प्रथम दोन्ही सारख्याच रुजल्या. स्वतःच्या चकत्या पसरून जखम भरूं लागली. भावाच्या चकत्या मात्र कांहीं दिवसांनीं विरघळूं लागल्या. येथपर्यंत नवें असें कांहीं नव्हतें. पण या दोघांनीं त्याच भावाच्या चकत्या दुसऱ्यांदा लावल्या होत्या, आणि या दुसऱ्या खेपेच्या चकत्या पहिल्यापेक्षां पुष्कळच लवकर नष्ट झाल्या. हा वृत्तान्त १९४३ सालीं प्रसिद्ध झाला.

या साध्या निरीक्षणांत केवढा अर्थ भरलेला आहे पाहा. परकी कातडी जर केवळ अन्नपाण्यावांचून सुकून मरत असती, तर पहिल्या खेपेस आणि दुसऱ्या खेपेस सारखाच काळ लागता. दुसऱ्या खेपेस शरीरानें घाई केली, म्हणजे पहिली भेट त्याच्या स्मरणांत होती. एकदां देवी काढलेल्या मुलाला देवीचा रोग सहसा ग्रासत नसे, तें याच स्मरणामुळें. अर्थात् रोगजंतूंपासून आपलें रक्षण करणारी जी शक्ति, तीच परक्या कातडीवर उठली होती. मेडावरनें पुढें सशांवर शेंकडों प्रयोग करून हें पक्कें केलें. शरीर अवयव नाकारतें तें दुबळेपणानें नव्हे. आपला पहारा चोख आहे म्हणून नाकारतें.

आतां पहारा करतो तो कोण? त्या काळीं पंडितांचा कल प्रतिपिंडांकडे होता. प्रतिपिंडें म्हणजे जंतूंना चिकटून त्यांचा निकाल लावणारे रक्तरसांत विरघळलेले पदार्थ. परंतु परकी ऊति नाकारलेल्या उंदराचा रक्तरस दुसऱ्या उंदराला टोंचला तर फारसें कांहीं घडेना. आणि त्याच उंदराच्या लसीकाग्रंथींतील जिवंत पेशी टोंचल्या, तर तो दुसरा उंदीरहि तसली ऊति पूर्वींची ओळख असल्याप्रमाणें झपाट्यानें नष्ट करी. १९५३-५४ च्या सुमारास मिचिसन यानें अर्बुदांवर व मेडावरच्या मंडळींनीं कातडीवर हें दाखवून दिलें. स्मरण रसांत नव्हतें, पेशींत होतें. या लसीकाग्रंथि आपल्या परिचयाच्याच आहेत. पायाला ठेंच लागून जखम चिघळली, कीं जांघेंत अवधाण येतें आणि घरांतली वडील माणसें शेक द्यायला सांगतात. तें अवधाण म्हणजे पहारेकऱ्यांची चौकी जागी झाल्याची खूण होय.

त्या चौकींत राहणाऱ्या पेशींना लसीकापेशी म्हणतात. सूक्ष्मदर्शकांत पाहिल्या तर त्या दिसायला अगदीं सामान्य. जवळजवळ सगळी जागा केंद्रकानें व्यापलेली एक लहानशी वाटोळी पेशी. १९५० पर्यंत पाठ्यपुस्तकांतून तिला निश्चित असें कांहींच काम दिलेलें नव्हतें. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्स यानें उंदरांच्या छातींतील मुख्य लसीकावाहिनींतून या पेशी बाहेर काढून, खुणा करून पुन्हां रक्तांत सोडल्या, तेव्हां कळलें कीं त्या रक्तांतून ग्रंथींत, ग्रंथींतून लसीकेंत आणि लसीकेंतून पुन्हां रक्तांत अशा अखंड फेऱ्या घालीत असतात. ज्यांना निरुद्योगी ठरविलें होतें, त्या दिवसरात्र गस्त घालीत होत्या.

१९६१ सालीं लंडनमध्यें जॅक मिलर यानें आणखी एक गांठ उकलली. छातीच्या हाडामागें, हृदयाच्या वरच्या बाजूस थायमस नांवाची एक ग्रंथि असते. ती लहानपणीं ठसठशीत असते व वयाबरोबर आक्रसत जाते, म्हणून तिलाहि कोणी महत्त्व देत नसे. मिलरनें नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून टाकली. ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांना परक्या जातीच्या उंदरांची कातडी लावली, आणि ती खुशाल रुजली! पहारेकरीच नव्हते. मज्जेंत जन्मलेल्या ज्या लसीकापेशी थायमसमध्यें तयार होतात, त्यांना त्या ग्रंथीच्या आद्याक्षरावरून टी पेशी असें नांव पडलें.

थायमस ही खरोखर एक शाळा आहे, आणि फार कडक. येथें येणाऱ्या प्रत्येक कोवळ्या पेशीजवळ स्पर्शानें ओळखण्याचें एक इंद्रिय असतें, आणि तें कसें घडेल हें बहुतांशीं दैवावर सोडलेलें असतें. मग परीक्षा सुरू होते. जिला आपल्या शरीराची खूण मुळींच उमगत नाहीं ती नापास, आणि जी आपल्याच शरीरावर तुटून पडेल अशी दिसते तीहि नापास. नापास म्हणजे मृत्यु. शंभरांतून दोनचार उमेदवार काय ते बाहेर पडतात. आमच्या शाळेचा निकाल इतका लागता तर गांवकऱ्यांनीं शाळेला कुलूप घातलें असतें. निसर्गाला मात्र तो परवडतो.

ही शरीराची खूण म्हणजे काय? आपल्या बहुतेक सर्व पेशींच्या पृष्ठभागावर एका विशिष्ट घडणीच्या प्रथिनांच्या जणुं ताटल्या मांडलेल्या असतात. माणसांत त्यांना एच्. एल्. ए. म्हणतात, त्यांचा पहिला धागा १९५८ सालीं पॅरिसच्या जां दोसे यानें हातीं धरला. पेशीच्या पोटांत जीं प्रथिनें तयार होतात, त्यांचे अगदीं लहान कण या ताटल्यांत घालून ती पेशी बाहेर दाखवीत असते. गस्तीवरची टी पेशी येते, ताटली व तींतला कण दोन्ही चांचपते आणि पुढें जाते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. आंत विषाणु शिरला असेल तर ताटलींत त्याचें शीत येतें, आणि टी पेशी त्या घराचा नाश करते. ताटली व शीत मिळूनच ओळख पटते, ही गोष्ट डोहर्टी आणि झिंकरनागेल या दोघांनीं १९७४ सालीं ऑस्ट्रेलियांत शोधून काढली.

आतां येथेंच अडचण उपस्थित होते. प्रत्येक माणसाच्या ताटल्यांची घडण निराळी. तिचे प्रकार हजारों. परक्या मूत्रपिंडाच्या लक्षावधि पेशींवर परक्या ताटल्या. टी पेशी आपल्याच घडणीच्या ताटल्या चांचपण्यास शिकलेली; तिच्या हाताला ही परकी ताटली लागते तेव्हां पुष्कळदां तिला ती ‘आपली ताटली, पण आंत भलतेंच शीत’ अशी भासते. एखाद्या नेहमींच्या रोगजंतूला ओळखणारी टी पेशी लाखांत एखादी असते. पण परक्या माणसाच्या ताटल्यांवर उठणाऱ्या टी पेशी शंभरांत एकापासून दहापर्यंत असूं शकतात. विषमज्वराच्या जंतूवर सुद्धां शरीर इतक्या फौजेनिशीं तुटून पडत नाहीं.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला त्याच्या आईनें आपलें मूत्रपिंड दिलें. त्या माउलीनें मला विचारलें, “गुरुजी, नऊ महिने मीं याला पोटांत वाढविला. माझ्या अंगाचा तुकडा याला परका कसा हो?” प्रश्न भोळा नाहीं, मेडावरनेंहि १९५३ सालीं तो उलट बाजूनें विचारला होता, कीं अर्धें परकें असलेलें मूल आईचें शरीर नऊ महिने सांभाळतें कसें. याचें उत्तर असें, कीं ताटल्यांचा एक संच आपल्याला आईकडून मिळतो व एक वडिलांकडून. हे संच सहाव्या गुणसूत्रावर एकत्र बांधलेले असतात. आईजवळ दोन संच. मुलाला त्यांतला एकच मिळालेला. दुसरा संच मुलाच्या टी पेशींनीं थायमसच्या शाळेंत बहुधा पाहिलेलाच नसतो. म्हणून आईचें मूत्रपिंड मुलाला अर्धें आपलें, अर्धें परकें. सख्ख्या भावंडांत चारांत एकदां दोन्ही संच जुळतात आणि चारांत एकदां एकहि जुळत नाहीं. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्यांत मात्र सर्वच जुळतें. म्हणूनच २३ डिसेंबर १९५४ रोजीं बॉस्टन येथें जोसेफ मरे यानें अशा जुळ्या भावांपैकीं एकाचें मूत्रपिंड दुसऱ्याला बसविलें, तें प्रथमच दीर्घ काळ टिकलें. तो भाऊ आठ वर्षें जगला. गर्भाच्या बाबतींत निसर्गानें निराळी व्यवस्था केली आहे: आईच्या ऊतींशीं ज्यांची गांठ पडते, त्या वारेच्या पेशींवर नेहमींच्या ताटल्या बहुतेक मांडलेल्याच नसतात. मूत्रपिंडाला अशी सवलत नाहीं.

मूत्रपिंड बसविल्यावर रुग्णाच्या शरीरांत काय घडतें तें क्रमानें पाहूं. दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर त्याच्या कांहीं पांढऱ्या पेशीहि चोरपावलांनीं येतात. त्यांपैकीं विशेष महत्त्वाच्या त्या फांद्यांच्या आकाराच्या पेशी. राल्फ स्टाइनमन यानें १९७३ सालीं त्या प्रथम वर्णिल्या. यांचें काम खबर देण्याचें. रक्त वाहूं लागतांच त्या मूत्रपिंडांतून बाहेर पडून रुग्णाच्या प्लीहेंत व लसीकाग्रंथींत जातात, आणि तेथें गोळा झालेल्या टी पेशींना आपल्या परक्या ताटल्या दाखवितात. म्हणजे घरभेदेपणा करतात त्या दात्याच्याच पेशी. टी पेशी नुसत्या ओळखीनें पेटत नाहींत. ‘खरोखरच धोका आहे’ असा दुसरा इशारा त्यांना लागतो, आणि शस्त्रक्रियेंत थंड पडलेल्या, दुखावलेल्या अवयवाकडून तोहि मिळतो. मग एकीच्या हजारों होतात. कांहीं साहाय्यक टी पेशी इंटरल्यूकिन-दोन नांवाचें द्रव्य सोडून इतरांना वाढीस लावतात. मारेकरी टी पेशी मूत्रपिंडांत जाऊन तेथील एकेका पेशीला बिलगतात, तिच्या आवरणाला छिद्रें पाडतात व आंत असें द्रव्य सोडतात, कीं ती पेशी स्वतःच स्वतःचा अंत करते. मूत्रपिंडाचा तुकडा सुईनें काढून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, तर मूत्रनलिकांच्या भिंतींत घुसलेल्या लसीकापेशी वैद्याला दिसतात. रुग्णाला पुष्कळदां यांतलें कांहींच जाणवत नाहीं. केवळ रक्तांतील क्रिॲटिनीन चढलेलें आढळतें. पुढें आलेल्या पेशी मरून गेल्या तरी प्रकरण मिटत नाहीं, कारण रुग्णाच्या स्वतःच्या खबरी पेशी मूत्रपिंडाचे कण वेंचून आपल्या ताटल्यांत घालून दाखवूं लागतात. ही दुसरी वाट संथ आहे, पण ती कधींच बंद होत नाहीं.

प्रतिपिंडांचा पक्षहि अगदींच खोटा नव्हता. पूर्वीं ज्याला रक्त दिलें गेलें आहे, किंवा जी स्त्री बाळंत झालेली आहे, तिच्या रक्तांत परक्या ताटल्यांविरुद्ध प्रतिपिंडें आधींच तयार असूं शकतात. अशा शरीरांत अवयव बसविला तर तो कांहीं मिनिटांत काळाठिक्कर पडतो. म्हणून दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तरस आधीं बाहेर एकत्र करून पाहतात. या परीक्षेचें महत्त्व १९६९ पासून सर्वमान्य झालें. पतीनें पत्नीला मूत्रपिंड देऊं केलें असतां कधीं कधीं याच कारणानें नकार मिळतो. तिच्या रक्तांतील प्रतिपिंडें त्या दोघांच्या मुलांमुळें, पतीच्याच ताटल्यांविरुद्ध, तयार झालेलीं असतात.

औषधांची कथा थोडक्यांत सांगतों. प्रथम सर्व अंगावर क्ष-किरण सोडून पांढऱ्या पेशी मारण्याचा प्रयत्न झाला. पहारा उठला, पण रुग्ण जंतुसंसर्गानें मेले. १९६० नंतर ॲझाथायोप्रीन व स्टेरॉइड आलीं. नॉर्वेच्या हार्डांगर पठारावरील मातींत सांपडलेल्या एका बुरशींतून स्वित्झर्लंडमधील बासल येथें सायक्लोस्पोरीन निघालें आणि १९७८ सालीं केंब्रिजच्या रॉय काल्न यानें तें रुग्णांना दिलें. हें औषध टी पेशींना मारीत नाहीं. इंटरल्यूकिन-दोन तयार करण्याची आज्ञाच त्यांच्यापुढें पोहोंचूं देत नाहीं. १९८४ सालीं जपानच्या त्सुकुबा येथील मातींतून मिळालेलें टॅक्रोलिमस तेंच काम अधिक जोरानें करतें, आणि आज बहुतेक रुग्ण तेंच घेतात.

माझा तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मजकडे आला होता. प्रकृति उत्तम, कामावर रुजू झालेला. म्हणाला, “गुरुजी, आतां शरीराला सवय झाली असेलच कीं. गोळ्यांचा खर्च झेपत नाहीं. थोड्या कमी केल्या तर?” हा विचार पुष्कळांच्या मनांत येतो, आणि तो जीवघेणा आहे. पहिल्या कांहीं महिन्यांनंतर वैद्य स्वतःच मात्रा उतरवितात हें खरें. कारण दात्याच्या खबरी पेशी तोंवर संपलेल्या असतात. पण ती दुसरी संथ वाट खुली असते, आणि स्मरण राखणाऱ्या टी पेशी वर्षानुवर्षें जगतात. ग्लासगोच्या त्या स्त्रीच्या शरीरानें भावाची कातडी जशी लक्षांत ठेवली, तसें मुलाचें शरीर आईचें मूत्रपिंड लक्षांत ठेवतें. औषध हें टी पेशींच्या स्मरणावर धरलेलें झांकण आहे; झांकण काढलें कीं आंतलें सगळें जसेंच्या तसें असतें. आणि एकदां नाकारलेल्या अवयवानंतर दुसरा मिळणें अधिकच अवघड, कारण तोंवर प्रतिपिंडेंहि माजलेलीं असतात. खर्चाचा प्रश्न खोटा नव्हता; तो वैद्यापुढें उघड मांडावा, स्वस्त पर्याय विचारावा, पण गोळी आपल्या मतानें सोडूं नये, असें मीं त्याला सांगितलें. झांकणाची किंमतहि द्यावी लागते. पहारेकरी झोपले, कीं क्षयाचे जंतु, नागिणीसारखे दबून राहिलेले विषाणु आणि कांहीं जातींचे कर्करोग यांनाहि रान मोकळें होतें. शिवाय टॅक्रोलिमस मात्रेंत चढलें तर ज्या मूत्रपिंडाचें रक्षण करावयाचें त्यालाच इजा करतें. म्हणून रक्तांतील त्याचें प्रमाण पुनः पुन्हां तपासावें लागतें.

झांकणाशिवाय चालेल असा उपाय आहे काय? १९४५ सालीं अमेरिकेंत रे ओवेन यानें पाहिलें, कीं एकाच वारेंतून रक्त घेत वाढलेलीं जुळीं वासरें जन्मभर एकमेकांच्या रक्तपेशी बाळगतात आणि त्या नाकारीत नाहींत. हा धागा धरून मेडावर, बिलिंगहॅम व ब्रेंट यांनीं उंदरीच्या पोटांतील पिलांना परक्या जातीच्या पेशी टोंचल्या. तीं पिलें मोठीं झाल्यावर त्यांनीं त्या जातीची कातडी आपली मानली, तिसऱ्या जातीची मात्र नाकारली. १९५३ च्या या प्रयोगाबद्दल मेडावरला १९६० चें नोबेल पारितोषिक बर्नेटबरोबर विभागून मिळालें. शाळा सुरू होण्यापूर्वीं ओळख करून दिली, तर परकाहि आपला होतो. मोठ्या माणसाची शाळा मात्र केव्हांच आटोपलेली असते.

तरीहि मोठेपणीं कामास येणारी एक सोय शरीरांत आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं अशा टी पेशी दाखविल्या, कीं ज्यांचें काम मारण्याचें नसून इतर टी पेशींना आवरण्याचें आहे. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना, मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांना याच शोधमालिकेबद्दल मिळालें. रुग्णाच्या रक्तांतून अशा पेशी निवडून, प्रयोगशाळेंत वाढवून त्याच्या शरीरांत परत सोडण्याचे प्रयोग कांहीं देशांत चालूं आहेत. दुसरा मार्ग जुळ्या वासरांचा: दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर त्याची मज्जाहि रुग्णाला द्यावयाची, म्हणजे दोघांच्या रक्तपेशी एकत्र नांदूं लागतील. बॉस्टन व स्टॅनफर्ड येथें या रीतीनें मोजक्या रुग्णांना औषधें अजिबात सोडतां आलीं. मज्जा देण्यापूर्वीं रुग्णाची तयारी करण्याचे उपचार कठीण असल्यामुळें ही रीत अद्याप सर्वांना लागू करतां येत नाहीं. म्हणून आज मूत्रपिंड बसविलेला मनुष्य सकाळीं व संध्याकाळीं, बारा तासांच्या अंतरानें, घड्याळाकडे पाहून आपल्या गोळ्या घेतो.